कृपेवरील फिर्याद

ख्रिस्ती धर्माविषयी सुशिक्षित मराठी समाजात एक मत इतके दृढमूल होऊन बसले आहे की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता आता कोणालाच भासत नाही. ख्रिस्ती लोकांची सेवा उत्तम, त्यांच्या शाळा उत्तम, त्यांचे दवाखाने उत्तम. परंतु मनुष्य आपल्या कर्मांनी नव्हे, तर देवाच्या कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे तरतो, हा जो त्यांच्या धर्माचा गाभा, तो मात्र नीतीच्या मुळावर येणारा आहे, असे हे मत. ज्या यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथॉडिस्ट मिशनचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ज्या जिल्ह्यात उमरीचे ख्रिस्ती रुग्णालय उभे राहिले, आणि ज्या यवतमाळ शहरात १९५३ साली स्थापन झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीने १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना याच कृपेचा सिद्धांत शिकविला, तेथेही हे मत निःशंकपणे बोलून दाखविले जाते. बोलणारा बहुधा सद्भावाने बोलतो. तुमची सेवा आम्हांला मान्य, तुमचा सिद्धांत तेवढा बाजूला ठेवा, असे तो आपुलकीने सुचवितो. आणि दुःखाची गोष्ट ही की, आमच्या मंडळ्यांतील कितीतरी माणसे मनातून त्याच्याशी सहमत झालेली असतात. एखादा वृद्ध सभासद निवर्तला की शोकसभेत त्याने कोणाकोणाचे भले केले याची जंत्री वाचावयाची आणि तिच्या आधारे तो देवाजवळ पोहोचला असेल, असा निर्वाळा द्यावयाचा, ही चाल आता इतकी अंगवळणी पडली आहे की, आपण उपासनेत जे गातो त्याच्या अगदी उलट बोलत आहोत, याचे भानही वक्त्यास राहत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो म्हणतो: जो धर्म पाप्याला सांगतो की तुझी क्षमा तुझ्या आचरणावर अवलंबून नाही, तो धर्म पापाला परवाना देतो. जो धर्म सज्जनाला सांगतो की तुझ्या पुण्याईने तुला काही मिळावयाचे नाही, तो धर्म त्याचा उत्साह मारतो. जो धर्म मनुष्याला हात पसरावयास शिकवितो, तो त्याचा स्वाभिमान हिरावून घेतो; ज्या विदर्भात लक्षावधी दलितांनी दुसऱ्याच्या दयेवर जगणे नाकारून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा मार्ग पत्करला, तेथे हा आक्षेप विशेष धारदार होतो, हे मी जाणतो. आणि शेवटी तो म्हणतो की, कर्माचे फळ कर्त्याला मिळणे यातच न्याय आहे. कृपा ही न्यायाच्या दप्तरातील खाडाखोड होय.

हे सारे ऐकल्यावर प्रथम एवढेच विचारावेसे वाटते की, आक्षेपकाने मूळ ग्रंथ किती वाचला? इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन या वादात नेहमी पुढे केले जाते. तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांमुळे नाही आणि म्हणून कोणालाही बढाई मारण्यास जागा नाही, असे पौल तेथे सांगतो. परंतु दहावे वचन? त्यात तोच पौल, त्याच श्वासात, सांगतो की आपण सत्कर्मांसाठीच निर्माण केलेले आहोत आणि ती सत्कर्मे देवाने आपल्यासाठी आधीच सिद्ध करून ठेवली आहेत. कर्मे तारणाचे कारण नव्हेत, तारणाचे प्रयोजन आहेत. ज्याने नवव्या वचनापाशी पुस्तक मिटले, त्याला कृपेत निष्क्रियता दिसली तर दोष पुस्तकाचा कसा?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विश्वासाने नीतिमान ठरण्याचा हा सिद्धांत कोणा मठातील पंडिताने पोथ्या चाळता चाळता रचलेला नाही. तो एका पंगतीवरून झालेल्या भांडणात धारेला लागला. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासी एकत्र जेवत असत आणि पेत्र त्यांच्याबरोबर बसत असे. पुढे यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली, त्यांच्या भीतीने पेत्र पंगतीतून हळूहळू उठू लागला, त्याचे पाहून इतर यहूदी उठले आणि शेवटी बर्णबासारखा उदार मनुष्यही त्या ढोंगात ओढला गेला. तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांच्या देखत दोष दिला. आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग सांगून झाल्यावर, तेथल्या तेथेच, तो लिहितो की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर येशू ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. महाराष्ट्रात जन्मलेल्या वाचकाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागेल काय? सुंता झालेला आणि न झालेला, विधी पाळणारा आणि न पाळणारा, यांनी एका पंक्तीला बसावे की नाही, हा तो प्रश्न होता. उत्तर असे होते की, देवाने दोघांनाही एकाच कारणास्तव, म्हणजे दोघांच्याही योग्यतेचा विचार न करता, जवळ केले असल्यामुळे एकाने दुसऱ्याला पंक्तीबाहेर ठेवण्याचा अधिकारच शिल्लक राहिलेला नाही. जो सिद्धांत पंक्तिभेद मोडण्यासाठी लढला, तो नीतीला मारक आहे असे म्हणणाऱ्याने नीती या वस्तूची कोणती कल्पना मनात धरली आहे?

येथेच स्वाभिमानाच्या आक्षेपाचे उत्तरही मिळते. पुण्याईची उतरंड जेथे जेथे रचली गेली, तेथे तेथे वरच्या पायरीवर कोण बसले आणि तळाशी कोण दडपले गेले, हे या देशात सांगण्याची गरज नाही. तपाला सवड हवी, दानाला धन हवे, शास्त्राध्ययनाला अधिकार हवा. मग ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबावयाचे, ज्याच्या घरी देण्यास पसाभर धान्य नाही, ज्याच्या कानावर शास्त्र पडू द्यावयाचे नाही, त्याच्या खात्यात पुण्य जमा व्हावे तरी कसे? आणि जमा होत नाही म्हणून त्याचा आजचा भोग त्याच्या पूर्वकर्माचे फळ, असे सांगून त्याला गप्प बसविले गेले की नाही? स्वाभिमान कोणत्या सिद्धांताने चिरडला? कृपा ही धनिकाने भिकाऱ्याला टाकलेली भीक नव्हे. ती राजा आणि रयत या दोघांनाही एकाच रांगेत उभे करणारी गोष्ट आहे, आणि त्या रांगेत उभे राहण्यास रयतेला लाज वाटत नाही, वाटते ती राजाला. १८६० साली न्यूयॉर्क संस्थानात फ्री मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली, तेव्हा बी. टी. रॉबर्ट्‌स आणि त्यांचे सहकारी ज्या गोष्टींविरुद्ध उठले होते त्यांत देवळातील बाके भाड्याने वा विकत देण्याची रूढी ही एक होती आणि गुलामगिरी ही दुसरी. ज्याच्याजवळ पैसा त्याने पुढे बसावे आणि गरिबाने मागे उभे राहावे, हे कृपेच्या उपदेशाशी विसंगत आहे, असे त्यांनी ठरविले. यवतमाळला आलेली मंडळी ही त्यांची वारसदार आहे.

आता न्यायाच्या खाडाखोडीविषयी. या आक्षेपाचा सूर यवतमाळच्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. २००८ साली केंद्राने आणि २०१७ साली राज्याने कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा प्रत्येक वेळी शहरांतून हाच आवाज उठला की, माफी दिली की माणूस बेशिस्त होतो, पुढचे कर्ज फेडीत नाही आणि प्रामाणिक कर्जदारावर अन्याय होतो. बँकांच्या धोरणाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु हे बोलणाऱ्याला कर्जात बुडालेल्या माणसाचे मन कितपत ठाऊक असते? ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला आहे, ज्याला बियाण्यासाठी कोणी उधार देत नाही, जो सावकाराच्या दारावरून जाताना मान वर करीत नाही, त्याच्या हातून पेरणी होत नाही याचे कारण त्याला शिस्त नाही हे नसते, त्याला उद्या उरलेला नाही हे असते. वसुलीच्या भयाने शेत पिकत नाही. या जिल्ह्याने त्या भयाने घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेली पाहिली आहेत, आणि तरीही येथील शहाणी माणसे धर्माच्या बाबतीत मात्र भय हाच सदाचाराचा पाया मानतात, हे मला असह्य होते.

येशूने ही शंका मुळातच ओळखली होती. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांतात राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचे कर्ज आहे. तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे कर्ज एका जन्मात फिटणारे नव्हे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. ते माफ होते. तो चाकर बाहेर पडतो आणि आपल्याच सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. कृपेचा दुरुपयोग होऊ शकतो, हे आक्षेपकाने शोधून काढलेले नवे सत्य नव्हे; ते दृष्टांतातच आहे, आणि त्याचा निकालही तेथेच आहे. राजाने त्या चाकरास सोडले नाही. परंतु त्याचा अपराध कोणता ठरला? जुने कर्ज बुडविल्याचा ठपका त्याच्यावर नाही. ज्या दयेने आपण वाचलो ती दुसऱ्याला नाकारली, हा त्याचा गुन्हा. ज्याला माफी खरोखर कळली त्याच्या हातून वसुली होत नाही. जो वसुली करतो त्याने माफी घेतलेलीच नाही, नुसता हुकूम ऐकला आहे. आणि सरकारी माफीपेक्षा ही माफी वेगळी आहे ती येथे की, सरकारी माफीचा भार तिजोरीवर म्हणजे इतरांवर पडतो, येथे धनको स्वतः तो सोसतो. वधस्तंभाकडे पाहून ही माफी स्वस्त आहे असे कोण म्हणेल? घेणाऱ्याला ती फुकट आहे; देणाऱ्याला तिची किंमत प्राण देऊन चुकवावी लागली. न्यायाच्या दप्तरात खाडाखोड झालेली नाही, पै न्‌ पै चुकती झाली आहे.

याकोबाच्या पत्राचा आधार घेऊन पौलाला खोडून काढण्याचा प्रयत्न फार जुना आहे. लूथरलाही त्या पत्राविषयी अढी होती आणि १५२२ सालच्या प्रस्तावनेत त्याने तिला वाट करून दिली. ती त्याची घाई होती. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात हे खरे, पण कोणत्या अब्राहामाचे? उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील अब्राहाम, ज्याला मूल नाही आणि जो आकाशातील ताऱ्यांकडे पाहून देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो, तो पौलाचा. बाविसाव्या अध्यायातील अब्राहाम, ज्याला मूल झालेले आहे आणि जो त्याला वेदीवर ठेवावयास निघतो, तो याकोबाचा. दोहोंच्या मध्ये अनेक वर्षांचे अंतर आहे. पहिल्या प्रसंगी विश्वास गणला गेला. दुसऱ्या प्रसंगी तोच विश्वास कृतीत उतरला आणि पूर्ण झाला. याकोब ज्या विश्वासाला मृत म्हणतो तो भुतांपाशीही असणारा, देव एक आहे एवढे नुसते मान्य करणारा होकार होय. पौलाने अशा होकाराला विश्वास म्हटल्याचे एक तरी स्थळ कोणी दाखवावे.

आणि मत्तयाचा पंचविसावा अध्याय? कर्मवाद्यांचे हे सर्वांत मोठे अस्त्र. भुकेल्याला अन्न दिले, नग्नाला वस्त्र दिले, आजाऱ्याला भेट दिली म्हणून उजवीकडचे राज्यात गेले. येथे विश्वासाचा शब्दसुद्धा नाही, असे मोठ्या विजयाने सांगितले जाते. त्यांनी त्या उजवीकडच्या लोकांचे उत्तर पुन्हा वाचावे. ते चकित होऊन विचारतात की, प्रभो, हे आम्ही केव्हा केले? त्यांना आठवतच नाही. त्यांच्याजवळ वही नाही, नोंद नाही, पावती नाही. पुण्य जोडण्यासाठी ज्याने अन्न दिले असते, त्याला ती तिथी बरोबर आठवली असती. हिशेब न ठेवता देणारा हात कोठून येतो, हा खरा प्रश्न आहे; आणि ज्याचा स्वतःचा हिशेब दुसऱ्याने मिटविला आहे, त्याच्यावाचून तो हात कोणाजवळ सापडेल?

तर्क पुरे. ज्या महाराष्ट्रकन्येने या दोन्ही वाटा स्वतः चालून पाहिल्या, तिची साक्ष काढू. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने कोणते पुण्यकर्म करावयाचे बाकी ठेवले होते? तीर्थयात्रा झाल्या, पुराणे सांगून झाली, उपासतापास झाले, दानधर्म झाला. आणि १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेल्यावर पंडिता रमाबाई भावाबरोबर देशभर वणवण फिरत राहिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. म्हणजे ख्रिस्ती धर्म झाला, विद्वत्ता होतीच, विधवांसाठी असामान्य सत्कार्यही उभे राहिले. कर्मानेच तरावयाचे असते तर या बाईंना आणखी काय हवे होते? परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. आपल्या योग्यतेचा विचार सोडून, आहोत तशा, त्या त्याच्या पायांशी गेल्या, तेव्हा त्यांना शांती मिळाली.

आता आक्षेपकाच्या सिद्धांताप्रमाणे पुढे काय व्हावयास हवे होते? कर्मांवर भिस्त नाही असे एकदा ठरल्यावर रमाबाईंनी हात जोडून स्वस्थ बसावयास हवे होते. त्या काय करीत्या झाल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. पुढे १९०० सालच्या दुष्काळातील मुलींची त्यांत भर पडली. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथे जे घर बांधले गेले त्याला नाव दिले कृपा सदन. त्या घरात प्रवेश मिळविण्यासाठी कोणते पुण्य लागत होते? आणि या सर्व व्यापात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते १९२२ साली मरण येईपर्यंत सोडले नाही. कृपेने उत्साह मारला, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी केडगावला जाऊन म्हणावे.

ज्या जॉन वेस्लीच्या परंपरेतून आमची मंडळी आली, त्याचा वृत्तांतही याच वळणाचा आहे. ऑक्सफर्डमध्ये उपवास, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, जॉर्जियातील मिशन हे सारे १७३८ च्या २४ मे पूर्वीचे, आणि त्या साऱ्यात मन अस्वस्थ. त्या संध्याकाळी लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना ऐकताना त्याला कृपेची खात्री पटली. आणि नंतरची अर्धशतकाहून अधिक वर्षे तो घोड्यावरून खाणकामगारांच्या वस्त्या पालथ्या घालीत राहिला. १७९१ साली मृत्युशय्येच्या उंबरठ्यावरून त्याने जे शेवटचे पत्र लिहिले, ते विल्बरफोर्सला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढत राहण्याविषयी.

एक आक्षेप राहिला, आणि तो या भागात राजकीय रूपाने आला. यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली त्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली आणि १९५६ साली तिचा अहवाल बाहेर पडला. शाळा आणि दवाखाने हे धर्मांतराचे आमिष आहेत, हा आरोप तेव्हापासून आजतागायत थांबलेला नाही. त्या अहवालातील बहुतेक निष्कर्ष मला मान्य नाहीत. परंतु जेथे कोठे औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागितली गेली असेल, तेथे कृपेच्या सिद्धांताचाच द्रोह झाला, एवढे मी कबूल करतो. कारण जी वस्तू देवाने मोबदल्याशिवाय दिली ती मोबदला घेऊन विकणारा मनुष्य तिचा सेवक राहत नाही. याचा इलाज मात्र सिद्धांत सोडणे हा नव्हे. सेवेला आमिषाचे रूप येते ते नेमके तेव्हा, जेव्हा सेवक आपल्या खात्यात काही जमा करू पाहतो, मग ते पुण्य असो की बाप्तिस्म्यांची संख्या असो. ज्याला काहीच कमवावयाचे उरलेले नाही, तोच रोग्याला रोगी म्हणून पाहू शकतो.

कृपा ही परदेशातून आणलेली वस्तू आहे, हे म्हणणे तर क्षणभरही टिकत नाही. श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हा वाद शतकानुशतके चालला तो कृपेविषयीच. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. पश्चिमेतही या प्रश्नावर जवळजवळ पाच शतके फाटाफूट झाल्यानंतर १९९९ च्या ३१ ऑक्टोबर रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरपंथी मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मान्य केले की, देव मनुष्याला केवळ कृपेने स्वीकारतो आणि त्यातूनच सत्कर्मे उपजतात. २००६ साली जगातील मेथॉडिस्ट मंडळ्यांनीही त्यास संमती दिली.

तेव्हा सेवा ठेवा आणि सिद्धांत टाका, ही सूचना आम्ही सपशेल नाकारतो. विहीर बुजवून पाणी तेवढे राखावे, असा तो सल्ला आहे. आणि जे स्वतःस विश्वासी म्हणवितात पण कृपेच्या नावाखाली आळस, भांडणे आणि जातीचा अभिमान जोपासतात, सोयरीक जुळविताना ज्यांच्या तोंडी अजून पूर्वजांची जात येते, त्यांचा बचाव मी करणार नाही. ते कृपेचे साक्षीदार नव्हेत. पंगतीतून उठलेल्या पेत्राचे ते वारस आहेत, आणि पेत्राने तर ती चूक पुढे जन्मभर जपली नाही. माझ्या बांधवांना माझी विनंती आहे की, येत्या प्रभुभोजनाच्या मेजाशी येण्यापूर्वी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घरात मोठ्याने वाचावा, आणि ज्याच्या घरचे अन्न आपल्या घराण्याने आजवर टाळले असेल, त्याच्या घरी जाऊन जेवावे.